चाकं सपाट कुणी केली

माझ्या बाबांना माझं लग्न मोडायचं नव्हतं, हे आधीच सांगते. त्यांना फक्त तो फिटर आवडला नव्हता. पण आमच्या घरात या दोन्ही गोष्टी एकच होत्या. लग्नानंतर बाबा आमच्याजवळच राहणार हे मी ठरवून टाकलं होतं. आणि ज्या माणसाला पाहताच बाबा वर्तमानपत्र तोंडापुढे धरतात, त्याला रोज त्याच बैठकीत आणून बसवायचं कसं? तिघांनी एका छताखाली घुम्यासारखं जेवायचं, असल्या संसाराची मला हौस नव्हती.

मी चष्म्यांचं दुकान चालवते. चाळिशीला टेकले आहे, त्यामुळे स्थळं बघणाऱ्यांनी माझा नाद कधीच सोडलेला आहे, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. फिटर माझ्या दुकानात आला तो गिऱ्हाईक म्हणून. ग्राइंडरच्या ठिणग्या उडून त्याच्या चष्म्याच्या काचांना बारीक खड्डे पडले होते. मी त्याला सुनावलं, की काम करताना वरून जाड गॉगल घालायचा असतो, डोळे काही माझ्या दुकानात विकायला नाहीत. तो म्हणाला, गॉगल घातला की लोखंडातली भेग दिसत नाही, आणि तुम्ही चष्मेवाल्यांनी काच जरा बरी दिली असती तर ही वेळच आली नसती. आमचं तिथंच वाजलं. पुढच्या महिन्यात तो पुन्हा काचा खराब करून आला, आणि त्यानंतर काचा धडधाकट असतानाही येऊ लागला.

तो रेल्वेच्या वारसा केंद्रात काम करतो. शहराच्या कडेला एक जुनी शेड आहे. भंगारात जायच्या वाटेवर असलेली इंजिनं तिथं आणतात, गंज खरवडतात, रंगवतात आणि लोकांना बघायला ठेवतात. त्यातलं सगळ्यात मोठं वाफेचं इंजिन फिटरने जवळजवळ एकट्याने उभं केलं होतं. आणि ते नेमकं बाबांचं निघालं. वाफेची इंजिनं बंद होईपर्यंत बाबा त्याच इंजिनावर ड्रायव्हर होते. मला वाटलं, वा, सासरा इंजिनाचा, जावई इंजिनाचा, आता दोघांना गप्पांना विषय पुरेल आणि मला कुणी विचारणारही नाही.

इथंच मी माती खाल्ली.

त्याचं असं झालं, की आई गेली तेव्हा बाबांचा रक्तदाब फार वाढला होता. डॉक्टर म्हणाले, यांच्या मनाला त्रास होईल असं काही करू नका. हे वाक्य मी गाठीला बांधलं. शेजाऱ्यांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, बाबांच्या न्हाव्यालासुद्धा बाजूला घेऊन सांगितलं, की बाबा म्हणतील त्याला हो म्हणायचं. बाबा म्हणाले आज गुरुवार आहे, तर आज गुरुवार. मी स्वतःही तशीच वागत होते, आणि माझा स्वभाव पाहता हे किती अवघड होतं ते माझं मला माहीत. आई होती तेव्हा आमच्याकडे सकाळी चहात साखर किती इथून जे सुरू व्हायचं ते रात्री दिवा कुणी घालवायचा इथपर्यंत चालायचं. ते सगळं थांबलं. घर शांत झालं. बाबा खिडकीत बसून राहायचे, आणि मी समजत होते की त्यांना बरं वाटतंय.

फिटर पहिल्यांदा घरी येणार होता तेव्हा त्याच्याकडूनही मी घोकून घेतलं. उलट बोलायचं नाही. बाबांना मध्येच तोडायचं नाही. इंजिनाबद्दल काहीही म्हणाले तरी मान डोलवायची. तो म्हणाला, चुकीचं बोलले तरी? मी म्हणाले, चुकीचं बोलले तर दोनदा डोलव.

बिचाऱ्याने शब्द पाळला. इस्त्रीचा शर्ट घालून आला, खुर्चीच्या काठावर टेकला आणि बाबांच्या प्रत्येक वाक्याला "हो काका" म्हणत राहिला. बाबांनी त्याला आपली नेहमीची गोष्ट सांगितली. त्यांच्या काळात स्टेशनवर इंजिनात पाणी भरायला एक उंच नळ असायचा. इंजिनामागे कोळसा आणि पाणी वाहणारा जो डबा असतो, त्या टेंडरचं झाकण नेमकं त्या नळाखाली यायला हवं. इतर ड्रायव्हर गाडी पुढे घ्यायचे, मागे घ्यायचे, शिट्ट्या फुंकायचे. बाबा मात्र पहिल्याच फटक्यात झाकण नळाखाली आणायचे. फिटर म्हणाला, हो काका. मग बाबांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाले, की बॉयलरमध्ये पाणी जितकं कमी तितकं इंजिन चांगलं पळतं, नाही का? पाणी कमी झालं तर बॉयलर फुटून माणसं मरतात हे लहानपणापासून मलाही ठाऊक आहे. फिटरने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले. तो म्हणाला, "हो काका."

तो गेल्यावर बाबा एवढंच म्हणाले, की याला मी घरातला नळसुद्धा दुरुस्त करायला देणार नाही. दुसऱ्या भेटीतही तेच झालं. त्यानंतर बाबांनी त्याला नंदीबैल हे नाव ठेवलं आणि मला स्पष्ट सांगितलं, की तुला करायचं तर लग्न कर, मी आड येणार नाही, पण मी माझी वेगळी खोली बघतो. हे ते रागावून म्हणाले असते तर मी चार शब्द ऐकवले असते. ते अगदी शांतपणे म्हणाले. मला रात्री जेवण गेलं नाही.

म्हणून शेवटचा उपाय म्हणून मी बाबांना इंजिन दाखवायला न्यायचं ठरवलं. माणूस आवडला नाही तर निदान त्याचं काम तरी आवडेल. बाबा आधी तयार नव्हते. जे गाडी ओढत नाही ते इंजिन नव्हे, त्याला रंग लावला काय आणि हार घातला काय, असं त्यांचं म्हणणं. मी नेहमीप्रमाणे म्हणाले, बरोबर आहे तुमचं. मग थोड्या वेळाने तेच म्हणाले, की नंदीबैलाने तिथं काय वाट लावून ठेवली आहे ते एकदा बघायला पाहिजे.

रविवारी सकाळी आम्ही बसने गेलो. बाबांनी बूट पॉलिश केले होते. तिकीट खिडकीतल्या बाईंनी ज्येष्ठ नागरिकांची सवलत विचारली तर बाबा म्हणाले, मला पूर्ण तिकीट द्या, मी काही फुकट्या नाही. आत शेडचं उंच छप्पर, त्यातल्या काचांमधून खाली पडलेलं ऊन, तेलाचा आणि ताज्या रंगाचा वास. मधोमध ते इंजिन उभं होतं, काळं कुळकुळीत, पितळ असं घासलेलं की त्यात माझा चेहरा दिसावा. भोवती दोरी बांधली होती आणि चढू नये अशी पाटी होती. फिटर इस्त्रीचा शर्ट घालून पाटीशेजारी उभा होता, आणि पाटीइतकाच ताठ होता.

बाबा दोरीपाशी थांबले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण मला त्यांच्या रक्तदाबाची काळजी. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मग दोरी उचलून सरळ आत गेले. फिटरने त्यांना अडवलं नाही. आम्ही दोघं त्यांच्यामागून गेलो.

बाबांनी इंजिनाला उजव्या बाजूने फेरी सुरू केली. एके काळी ड्यूटीवर येताना ते अशीच फेरी मारायचे, हातात तेलाचा डबा घेऊन. आज हात मोकळे होते, म्हणून जिथं तेल घालायचं तिथं ते नुसतं बोट टेकवत होते. टेकवता टेकवता चुका काढणं चालू होतं. हा दांडा इतका चकचकीत नसायचा. फिटर म्हणाला, हो काका. ही पट्टी लाल नव्हती, तपकिरी होती. हो काका. इथला बोल्ट नवा आहे, मूळचा कुठं गेला? हो काका, म्हणजे, गंजला होता काका. मी फिटरच्या मागे उभी राहून मान हलवून त्याला शाबासकी देत होते, की असंच चालू ठेव. आणि बाबांचा आवाज मात्र हळूहळू विझत चालला होता. ती वेगळी खोली मला आता डोळ्यांसमोर दिसायला लागली, भाड्याच्या पलंगासकट.

मग बाबा मोठ्या चाकापाशी वाकले. त्यांच्या छातीएवढं उंच चाक. त्यांनी चाकाच्या कडेवरून तळहात फिरवला आणि एका जागी थांबवला. पुढच्या चाकावर हात फिरवला, तिथंही थांबवला.

"चाकं सपाट आहेत," ते म्हणाले. "गोल चाकाला मध्येच सपाट चट्टे ठेवलेत. असलं चाक ज्याने रंगवून लोकांपुढे ठेवलं, त्याला फिटर म्हणायचं कशाला?"

मी फिटरकडे पाहिलं. हा चेहरा माझ्या ओळखीचा होता. दुकानात काचांवरून आमचं वाजलं होतं तेव्हाचा.

"काका," तो म्हणाला, "चाकं मी सपाट नाही केली. तुम्ही केलीत."

"काय म्हणालात?"

"चाक सपाट कधी होतं? ब्रेक उशिरा आणि करकचून दाबला, की चाक फिरायचं थांबतं आणि रुळावर तसंच घासत जातं. पहिल्या फटक्यात टेंडर नळाखाली. झकास. स्टेशनवर सगळे वा वा म्हणाले असतील. आणि शेडमध्ये फिटर लोक रात्रभर तुमच्या नावाने बोटं मोडत असतील."

मी त्याची बाही ओढली. त्याने ती सोडवून घेतली. बाबांचा चेहरा लाल झाला होता, मानेवरची शीर फुगली होती. मी पिशवीत त्यांची गोळी शोधायला लागले.

"अरे, तू मला ब्रेक शिकवतोस?" बाबा म्हणाले. आतापर्यंत ते त्याला अहो-जाहो करत होते. "वाळूच्या नळ्या बघितल्यास का कधी? चाक घसरू नये म्हणून चाकापुढे वाळू सोडायची असते. त्या नळ्या तुमचे फिटर साफच करायचे नाहीत. मी वाळूचा दांडा ओढायचो आणि खाली पडायचा चिमूटभर गाळ. मग चाक घसरणार नाही तर काय करणार?"

फिटर म्हणाला, नळ्या त्याने स्वतः उघडल्या होत्या आणि त्या स्वच्छ होत्या. बाबा म्हणाले, दाखव. फिटर म्हणाला, खाली यावं लागेल. बाबा म्हणाले, मला काय जमत नाही असं वाटलं? आणि माझ्या डोळ्यांदेखत, पॉलिश केलेल्या बुटांसकट, माझे बाबा इंजिनाखाली शिरले. फिटर त्यांच्यामागून शिरला, इस्त्रीच्या शर्टासकट.

आता मला फक्त दोघांचे पाय दिसत होते. खालून आवाज येत होते. ब्रेकचे ठोकळे एकीकडे जास्त झिजलेले होते, म्हणजे दोष शेडचा, असं बाबांचं म्हणणं. ठोकळे झिजले होते कारण ते विनाकारण वापरले होते, असं फिटरचं. बाबा म्हणाले, वेळापत्रक फिटर सांभाळत नव्हते, ड्रायव्हर सांभाळत होते. फिटर म्हणाला, वेळापत्रकात चाकं घासा असं लिहिलेलं नसतं. कुणीतरी पान्याने लोखंडावर ठणठण वाजवलं. बहुतेक मुद्दा पटवायला.

एवढ्यात एक मार्गदर्शक बाई पर्यटकांचा घोळका घेऊन आल्या. घोळका दोरीपाशी उभा राहून ऐकू लागला. इंजिनाखालून बाबांचा आवाज आला, की असल्या फिटरला मी माझ्या काळात शेडच्या बाहेर काढला असता. फिटरचा आवाज आला, की असल्या ड्रायव्हरला मी इंजिनच दिलं नसतं. लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. एका गृहस्थांनी मला विचारलं, की हा कार्यक्रम दर रविवारी असतो का. मी म्हणाले, हा कार्यक्रम नाही, हे माझं लग्न मोडतंय. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि पुन्हा ऐकायला लागले.

मी वाकून खाली हाक मारली, की बाबा, पुरे झालं, तुमची गोळी घ्या. खालून उत्तर आलं, "तू मध्ये पडू नकोस. आमचं चाललंय."

ते दोघं बाहेर आले तेव्हा बाबांच्या सदऱ्यावर काळं वंगण होतं आणि गुडघे मातीने भरले होते. दोघंही घामाघूम. कुणी कुणाकडे बघेना. मी बाबांचा हात धरून त्यांना उपाहारगृहात नेऊन बसवलं. फिटर मागे राहिला. मला वाटलं, संपलं. मनातल्या मनात मी त्याला इतक्या शिव्या दिल्या की विचारू नका. थोडा वेळ जिभेला आवर घातला असता तर काय बिघडलं असतं? आणि खोटं कशाला बोलू, त्याच वेळी मला तो फार आवडत होता. इतके दिवस घरी येत होता तो कुणी भलताच होता. हा माझा होता. आता मिळणार नव्हता, म्हणून डोळ्यांत पाणी येत होतं.

बाबांनी चहा मागवला. एक पाव संपवला, दुसरा घेतला. आई गेल्यापासून त्यांना स्वतःहून दुसरा पाव घेताना मी पाहिलं नव्हतं.

फिटर आला. हातपाय धुऊन, केस ओले, मान खाली. टेबलापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "काका, माझं चुकलं."

बाबांच्या तोंडाची चव गेल्यासारखी दिसली. त्यांनी पाव बशीत ठेवला. "आलं पुन्हा तेच," ते म्हणाले. "आत्ता कुठं माणसासारखा बोलायला लागला होता."

"ओरडलो ते चुकलं," फिटर म्हणाला. "चाकांचं नाही. चाकं तुम्हीच सपाट केलीत."

बाबांनी पायानेच शेजारची खुर्ची बाहेर ढकलली. "बस," ते म्हणाले. "चहा घे. मग तुला त्या ठोकळ्यांचं समजावतो. तुझ्या डोक्यात ते शिरलेलंच नाही."

फिटर बसला. मी त्यांना तिथंच सोडून हात धुवायला गेले आणि आरशासमोर उभी राहून पोटभर रडले, आणि मग पोटभर हसले. बाहेर आले तेव्हा टेबलावर साखरेच्या भांड्याचं इंजिन झालं होतं, चमच्यांचे रूळ झाले होते, आणि दोघांपैकी कुणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, की लग्न उरकून घ्या लवकर. मी म्हणाले, आणि तुमची वेगळी खोली? ते म्हणाले, खोलीबिली काही नको, त्याला एकट्याला सोडलं तर तो त्या चाकांबद्दल गावभर काहीतरी सांगत सुटेल.

मग म्हणाले, "तुझी आई गेल्यापासून मला कुणी चूक म्हणालं नव्हतं. सगळे हो हो करतात. दूधवाला हो म्हणतो, न्हावी हो म्हणतो. तूसुद्धा. मला वाटायला लागलं होतं, की मी पण तिच्याबरोबर गेलोय आणि लोक फोटोशी बोलतायत."

मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, मीच पहारा देत होते, आणि इतके दिवस हा माणूस खिडकीत बसून एका भांडणाची वाट बघत होता. मी त्यांचा हात हातात घेतला. नखांत वंगण अडकलं होतं.

"बाबा," मी म्हणाले, "चाकं तुम्हीच सपाट केलीत."

त्यांनी मान वळवली. "तुला काय माहीत?"

"आईने सांगितलंय. नव्या नवरीला घेऊन येत होतात, तेव्हा ती तुमच्याच गाडीत डब्यात बसली होती. मांडीवर दुधाचं भांडं होतं. तुम्ही नळाखाली थांबलात आणि अख्खं दूध तिच्या नव्या साडीवर. म्हणाली, मी तेव्हाच ओळखलं, की या माणसाला वेळेवर ब्रेक लावता येत नाही."

"तिला काय कळत होतं ब्रेकमधलं," बाबा म्हणाले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच ते तिच्याबद्दल असे तणतणून बोलले, ती आत स्वयंपाकघरात असावी आणि तिला मुद्दाम ऐकू जावं तसे. "भांडं धरता येत नव्हतं तिला नीट, ते नाही सांगितलं?"

"तुमच्यापेक्षा तिला जास्त कळत होतं," मी म्हणाले.

बाबा पूर्ण माझ्याकडे वळून बसले आणि त्यांनी वंगणाने माखलेल्या बाह्या वर सारल्या. पुढच्या सीटवरच्या बाईंनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि आपली पिशवी जवळ ओढून घेतली.